पेंट घोडी, रंग खालच्या बाजूला

ऑर्व्हिल टीगला ते पत्र आलं तेव्हा पेकानच्या झाडांखाली फळांचा सडा पडला होता. आता पुन्हा सडा पडायची वेळ आली, तरी त्याचं उत्तर लिहून झालं नव्हतं.

पत्र अवघड होतं अशातला भाग नाही. उलट इतकं सोपं पत्र त्याला आयुष्यात आलं नसेल. 'श्री. टीग, तुमच्याकडे जुबिली नावाची तांबूस घोडी आहे असं नालबंदाकडून कळलं. तिची आई माझ्याकडे होती. जुबिली विकायची असल्यास मला कळवा. विकायची नसल्यास तसं कळवा. अंदाज बांधत बसायला मला आवडत नाही. मिसेस ओडेसा क्वॉल्स, मिल क्रीक.'

त्या वेळी जुबिली विकायची नव्हती. म्हणजे उत्तर एका शब्दाचं होतं. पण ज्या माणसाची उभी हयात काउंटीच्या ग्रंथालयात 'कृपया शांतता राखा' ही पाटी पुसण्यात गेली, त्याला अनोळखी बाईंना नुसतं 'नाही' लिहिणं कसं जमावं? पहिला मसुदा फार तुटक वाटला. दुसऱ्यात त्यानं इतक्या वेळा क्षमा मागितली की घरात कोणी गेलंय की काय असं वाटावं. तिसऱ्यात तो पेंट या घोड्यांच्या जातीच्या इतिहासात शिरला आणि स्पॅनिश लोकांनी घोडे बोटीतून उतरवेपर्यंत कागद संपला. मग नाताळ आला. आता उत्तर द्यायचं तर उशिराबद्दल दिलगिरी आली, नव्या वर्षाच्या शुभेच्छा आल्या. मार्चमध्ये शुभेच्छाही शिळ्या झाल्या. उशिरा लिहायच्या पत्राचं असं असतं, की जेवढा उशीर, तेवढं ते चांगलं उतरायला हवं, आणि जेवढं ते चांगलं उतरायला हवं, तेवढा आणखी उशीर. जूनपर्यंत ऑर्व्हिलला असं पत्र लिहावं लागणार होतं की जे कदाचित कोणालाच लिहिता आलं नसतं. त्यानं बाईंचं पत्र साखरेच्या डब्यामागे ठेवून दिलं आणि चहा बिनसाखरेचा प्यायला लागला.

हे सगळं निभावून गेलं असतं. पण सप्टेंबरात कुरण विकलं गेलं.

जुबिली ज्या भाड्याच्या कुरणात चरायची, तिथं आता घरं होणार होती. नव्या मालकानं कुंपणाला लाल फिती बांधल्या आणि ऑक्टोबरअखेर जनावरं हलवा अशी चिठ्ठी लावली. जनावरं म्हणजे जुबिली एकटीच. ऑर्व्हिल तिच्यावर कधी बसला नव्हता. त्याच्या कमरेला ते मानवलं नसतं. रोज संध्याकाळी तो कुरणाला एक फेरी मारायचा आणि ती मागून यायची. एवढाच त्यांचा व्यवहार. पण त्या फेरीसाठी तो दिवसभर थांबलेला असायचा, हे त्याच्या बहिणीलाही माहीत होतं.

बहीण नीव्हा थोरली, विधवा, आणि त्याच्याच घरात राहणारी. घर तिच्या मते तिचं होतं, त्याच्या मते त्याचं, आणि कागदोपत्री बँकेचं.

"त्या बाईला लिही," नीव्हा म्हणाली.

"कुठल्या बाईला?"

"साखरेच्या डब्यामागच्या."

ऑर्व्हिलचे कान लाल झाले. "आता काय लिहू? वर्षभर गप्प बसलो, आणि आता गरज पडल्यावर 'विकायची आहे' म्हणून कळवू? काय म्हणतील त्या?"

"त्या म्हणतील, किती वाजता येऊ."

"नीव्हा, या गोष्टींना एक रीत असते."

"असते ना. पत्र आलं की उत्तर द्यायचं, ही रीत. बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवली होती. तू त्या दिवशी पुस्तक वाचत असशील."

म्हणून ऑर्व्हिलनं घोडी बाजारात काढायचं ठरवलं. एक ओळ लिहिणं टाळायला माणूस केवढे कष्ट उपसू शकतो, याचा अभ्यास कोणाला करायचा असेल तर पुढचे सहा आठवडे उपयोगी पडतील.

सल्ला घ्यायला तो पेंडीच्या दुकानात गेला. तिथल्या कॉफीच्या भांड्याभोवती सकाळी जी मंडळी बसत, त्यात त्याचा शेजारी डब स्ट्रिकलंड मुख्य. मका, देव, गुडघेदुखी आणि वॉशिंग्टनचं सरकार, या चारही विषयांत डबचा शब्द अखेरचा. जुबिली ऑर्व्हिलच्या गळ्यात मारली होती ती यानंच.

"प्रोफेसर," डब म्हणाला (ऑर्व्हिल कुठंही कधी प्रोफेसर नव्हता), "जाहिरात दे. आणि त्यात 'पेंट' हा शब्द मोठ्या अक्षरांत घाल. लोक पेंटसाठी वेडे झालेत."

"पण ती पेंट दिसत नाही, डब."

इथे थोडं सांगायला हवं. पेंट म्हणजे आपला अबलख घोडा. अंगभर पांढरे पट्टे, जणू गवंड्यानं चुन्याची बादली अंगावर ओतली. जुबिलीचा बाप असा होता, आई अशी होती. जुबिली मात्र नाकापासून शेपटीपर्यंत तांबूस, एखाद्या जुन्या टेबलासारखी. अशा साध्या रंगाच्या शिंगरांची नोंद पेंटच्या नोंदणी कार्यालयात वेगळ्या रकान्यात होते आणि भावही वेगळ्या रकान्यात जातो. तिच्या अंगावर एकच पांढरा चट्टा होता. तो पोटाखाली होता.

"कागदावर आई-बाप पेंट आहेत ना? मग ती पेंट," डब म्हणाला. "माझा भाऊ माझ्या आई-बापाचा आहे. त्याच्याकडे बघून कोणी म्हणेल का?"

जाहिरात आली. पहिल्याच शनिवारी एक कुटुंब आलं, नवरा, बायको आणि वाढदिवस जवळ आलेली मुलगी. बाई कुंपणाशी उभ्या राहून जुबिलीच्या पलीकडे बघत राहिल्या.

"घोडी कुठंय?"

"हीच, मॅम."

"ही तपकिरी आहे."

"तांबूस, मॅम. पेंट आहे. रंग... रंग खालच्या बाजूला आहे."

"खालच्या म्हणजे?"

ऑर्व्हिलनं शब्द शोधला. स्त्रियांसमोर घोडीच्या त्या भागाला काय म्हणावं हे त्याला एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं. "आपण जरा वाकलात तर," तो पुटपुटला, "डाव्या अंगानं, कोपराच्या मागे..."

बाई चर्चला जायच्या कपड्यांत होत्या. त्या वाकल्या. नवराही वाकला. मुलगी आडवीच झाली. तिघं गवतात डोकं घालून वर बघताहेत आणि जुबिली मान वळवून त्यांच्याकडे बघतेय, असं काही क्षण चाललं. मग नवरा उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "साहेब, पोरीला घोडा मैत्रिणींना दाखवायचाय. सगळ्या मैत्रिणींना आडवं पाडू का?"

दुसरा आला तो मोटारीतून उतरलाच नाही. खिडकीतून म्हणाला, "याला फसवणूक म्हणतात, माहितीये ना?" आणि निघून गेला. ऑर्व्हिलच्या आयुष्यात त्याला फसवा म्हणणारा हा पहिला माणूस. घरी येऊन तो बराच वेळ आरशासमोर उभा होता; आपल्या चेहऱ्यात तसं काही आहे का ते बघत.

"तुला पूर्ण नोंदणी हवी," डबनं निदान केलं. "चट्टा आहे ना अंगावर? मग अर्ज कर. नियमात बसला तर ती वरच्या रकान्यात जाते, आणि मग कोणी वाकायची गरज नाही. कागद दाखवायचा."

नियमाचा मापाचा भाग ऑर्व्हिलला तोंडपाठ होता. चट्टा दोन इंच रुंद हवा, केसांखालची कातडी गुलाबी हवी. नोंदणी कार्यालयानं फोटो मागवले: डावीकडून, उजवीकडून, समोरून, मागून, आणि चट्ट्याचा जवळून, शेजारी पट्टी धरून. पहिले चार काढणं सोपं वाटावं. पण जुबिली मागे मागे येणारी घोडी. तो फोटोसाठी दहा पावलं मागे सरकला की तीही दहा पावलं पुढे यायची. कार्यालयाचं उत्तर आलं: 'आपण पाठवलेल्या पाचपैकी चार छायाचित्रांत नाकपुड्या दिसतात. पाचव्यात पट्टी व एका गृहस्थांचा कान दिसतो. पुन्हा पाठवावीत.'

पुन्हा पाठवायची म्हणून डब आला. त्यानं घोडी धरली आणि ऑर्व्हिल पाठीवर झोपून तिच्या पोटाखाली सरकला. वयाची सत्तरी ओलांडलेला, ग्रीक नाटकं वाचलेला माणूस, हातात कात्री, दातांत पट्टी. चट्ट्यावरचे केस कापले. कातडी गुलाबी निघाली. त्याला इतका आनंद झाला की तो उठून बसायला गेला आणि घोडीच्या पोटावर आपटला.

"किती भरला?" वरून डबचा आवाज.

"पावणेदोन."

"नीट बघ."

"पावणेदोनच, डब."

डब विचारात पडला. डब विचारात पडला की गावात काहीतरी मोडतं, हे ऑर्व्हिलला माहीत होतं, पण तो अजून खाली अडकलेला होता.

"प्रोफेसर, फुगा फुगवल्यावर त्याच्यावरची अक्षरं मोठी होतात की नाही?"

"होतात."

"मग तिला खायला घाल."

हा सल्ला ऑर्व्हिलनं मानला, यावरून त्याची मनःस्थिती समजून घ्यावी. पत्राच्या विचारानं झोप उडालेल्या माणसाला फुग्याचं शास्त्र पटतं. त्यानं जुबिलीला मका चारला, ओट चारले, काकवी घातलेला भुसा चारला. ती इतकी फुगली की तिचे पाय आखूड वाटायला लागले. चट्टा ताणला गेला, आणि एका रविवारी सकाळी, तिनं मोठा श्वास घेतला त्या क्षणी, पट्टीवर बरोबर दोन इंच दिसले. डबनं फोटो काढला. ऑर्व्हिलनं टोपी हवेत उडवली. ती जुबिलीनं खाल्ली.

उत्तर लगेच आलं. कार्यालयानं चट्टा दोन इंच असल्याचं मान्य केलं होतं. 'तथापि, चट्टा सरळ उभ्या असलेल्या घोडीवर सरळ उभ्या असलेल्या व्यक्तीस दिसणे आवश्यक आहे. आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. शुल्क परत मिळत नाही.'

"हे त्यांना आधी सांगता आलं असतं," ऑर्व्हिल म्हणाला.

"तुलाही त्या बाईला आधी सांगता आलं असतं," नीव्हा म्हणाली आणि भांडी घासत राहिली.

जाहिरात अजून चालूच होती. आता लोक यायचे, जुबिलीकडे बघायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "कधी विणार?" गाभण नाही म्हटलं की त्यांना वाटायचं हा काहीतरी लपवतोय. एक म्हातारा शेतकरी तर जाताना ऑर्व्हिलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं असं. कुंपणं नीट ठेवत जा."

महिनाअखेर आली. उरला शनिवारचा घोड्यांचा लिलाव.

लिलावाचं नाव ऑर्व्हिलला नको होतं. पण डब म्हणाला, "तिथं लोक येतात, चांगली घरं मिळतात, तू उगाच भितोस," आणि आपला ट्रेलर घेऊन आला. आपली मोठी टोपीही त्यानं दिली. "बिनटोपीचा माणूस घोडा विकायला आला की लोकांना वाटतं विमा विकायला आलाय." टोपी ऑर्व्हिलच्या भुवयांपर्यंत उतरत होती. दर मिनिटाला ती वर सारावी लागे.

नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंनी जुबिलीच्या पुठ्ठ्यावर नंबराचा कागद चिकटवला आणि विचारलं, "तुम्हालाही नंबर देऊ ना, हनी?" नंबर बोली लावणाऱ्यांना देतात. ऑर्व्हिलला तो नको होता. पण मागे रांग होती, बाई हसत होत्या, आणि 'नको' म्हणण्यात पुन्हा बोलणं आलं. त्यानं नंबर घेतला आणि शर्टाच्या खिशाला लावला.

गोठ्यात जुबिलीपाशी एक गृहस्थ उभे होते. लठ्ठ, स्वच्छ, मृदू आवाजाचे. त्यांनी तिच्या पाठीवरून, फऱ्यांवरून सावकाश हात फिरवला. इतक्या आपुलकीनं तिच्याकडे आजवर एकाही गिऱ्हाइकानं पाहिलं नव्हतं, आणि यांना वाकायलाही सांगावं लागलं नव्हतं.

"भरलीय छान," ते म्हणाले.

"महिनाभर मका घालतोय," ऑर्व्हिल अभिमानानं म्हणाला. "आणि काकवी."

"दिसतंय. दिसतंय." त्यांनी वहीत काहीतरी टिपलं आणि टोपीला हात लावून पुढे गेले.

"किती सज्जन माणूस," ऑर्व्हिल डबला म्हणाला.

डबचा चेहरा उतरला होता. "प्रोफेसर, तो ट्रकवाला आहे."

"कसला ट्रक?"

"तो वजनावर घेतो." डब जमिनीकडे बघत होता. "कत्तलखान्यासाठी."

ऑर्व्हिल नोंदणीच्या खिडकीकडे वळला. मग धावला. गेल्या कित्येक वर्षांत तो धावला नव्हता, पण खिडकीपर्यंत धावला. "मॅम, माझी घोडी परत घ्यायचीय."

"नंबर चिकटला ना, हनी? मग कर्नलची सही लागते."

कर्नल म्हणजे लिलाव पुकारणारा. कुठल्याही पलटणीत तो नव्हता. इकडे लिलाव पुकारणाऱ्याला कर्नलच म्हणतात. तो आधीच आपल्या उंच खोक्यात चढला होता.

"खाली कधी येतील?"

"लिलाव संपला की."

"पण तोवर घोडी विकली जाईल!"

"हो ना," बाई सहानुभूतीनं म्हणाल्या. "लोक नेहमी हेच म्हणतात."

तो बाकांवर जाऊन बसला तेव्हा जुबिली रिंगणात आली होती. लिलावघरातल्या एका माणसानं तिला म्होरकीला धरून आणलं होतं. भुशावरून चालताना ती मान वळवून वळवून मागे बघत होती. मागून कोणी येत कसं नाही म्हणून. डब कुठंतरी नाहीसा झाला होता. कठीण प्रसंगी डब कँटीनमध्ये असतो.

कर्नल पुकारू लागला. ते एकदा सुरू झालं की माणसाच्या बोलण्यासारखं राहत नाही, गिरणीसारखं ऐकू येतं. ट्रकवाल्यानं पेन्सिल उचलली. पहिली बोली त्याची. दुसरी बोली कुठूनच येईना. आणि मग समोरच्या बाकावरून, अगदी रिंगणाच्या कठड्याला टेकून बसलेल्या एका बाईंनी हात वर केला. उंच, कृश बाई, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, पुरुषी शर्ट. ट्रकवाल्यानं पेन्सिल उचलली. बाईंनी हात. पेन्सिल. हात. ट्रकवाल्यानं जुबिलीच्या पोटाकडे पाहिलं, मनात वजनाचा हिशेब केला आणि वही मिटली.

ऑर्व्हिलच्या डोळ्यांत पाणी आलं. कोणी का असेना, बाईंचं भलं होवो! बाईंनी आता आणखी कोण आपल्या विरुद्ध आहे हे बघायला मान वळवून बाकांवरून नजर फिरवली. ती नजर ऑर्व्हिलच्या नजरेला भिडली.

आता स्त्रीनं आपल्याकडे पाहिलं तर टेक्सासमध्ये वाढलेला माणूस काय करतो? टोपीला हात लावतो. ऑर्व्हिलच्या बाबांनी ही रीत शिकवली त्या दिवशी तो पुस्तक वाचत नव्हता. त्यानं टोपीला हात लावला, मनापासून लावला.

"हेप!" रिंगणातला बोली टिपणारा माणूस ओरडला आणि ऑर्व्हिलकडे बोट दाखवलं.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी हात वर केला आणि पुन्हा ऑर्व्हिलकडे रोखून पाहिलं. बाईंना राग कशाचा आला हे त्याला कळेना; पण रागावलेल्या स्त्रीला तर दुप्पट अदबीनं वागवावं. त्यानं टोपी किंचित उचललीच.

"हेप!"

"इतकी हौस आहे होय?" बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि हात वर केला.

"मॅम?" ऑर्व्हिल म्हणाला. टोपी भुवयांवर घसरली. त्यानं ती वर सारली.

"हेप!"

कर्नलची गिरणी जोरात होती. लोक माना वळवून बघू लागले. गावातला सगळ्यात मुखदुर्बळ माणूस एका जाड्या तांबूस घोडीसाठी पैसे उधळतोय, हे त्यांच्या आठवणीतलं पहिलंच दृश्य असावं. बाईंनी पर्समध्ये पाहिलं, ओठ आवळले, आणि शेवटचं एकदा हात वर केला. मग ऑर्व्हिलकडे असं काही पाहिलं, की त्यानं घाबरून टोपी डोक्यावरून पार काढली आणि छातीशी धरली.

"विकली!" कर्नल गरजला. "टोपीवाल्या गृहस्थांना!"

डब कँटीनमधून हातात ॲपल पायची बशी घेऊन आला. "प्रोफेसर, कोणी घेतली?"

"मी," ऑर्व्हिल म्हणाला.

पैसे भरायच्या खिडकीत ग्रंथालयाच्या माणसालाही गुंता वाटावा असा प्रकार निघाला. विकणारा टीग, घेणारा टीग. घेणाऱ्यानं पूर्ण रक्कम आज भरायची. विकणाऱ्यानं कमिशन द्यायचं. विकणाऱ्याची रक्कम चेकनं पुढच्या गुरुवारी येणार.

"म्हणजे माझेच पैसे मला गुरुवारी मिळणार?"

"कमिशन जाऊन, हनी."

"आणि घोडी?"

"घोडी आज न्या. गुरुवारपर्यंत ठेवायची असेल तर गोठ्याचं भाडं पडेल."

"आपल्याच घोडीवर बोली!" मागून आवाज आला. त्या वेणीवाल्या बाई उभ्या होत्या, नंबर परत करायला. "भाव चढवायला बसला होतास तू तिथं. तोंडावरून किती गरीब वाटतोस! माझे वडील असल्या माणसांना पाण्याच्या हौदात बुडवायचे."

"मॅम, मी फक्त... टोपीला..."

"मिसेस क्वॉल्स, इथे सही करा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

साखरेच्या डब्यामागून ते नाव चालत आलं होतं आणि त्याच्यासमोर उभं होतं.

बाईंनी खिडकीतला कागद वाचला. मग त्याच्याकडे पाहिलं. "टीग? जुबिलीवाला टीग?"

"होय, मॅम."

"तुला मी पत्र लिहिलं होतं."

"होय, मॅम."

"पोस्टात गहाळ झालं असेल."

बाईंनी सबबीचं दार उघडून दिलं होतं. डबनं त्याला कोपरानं ढोसलं. हो म्हण, हो म्हण. पोस्टात पत्रं गहाळ होतातच, सरकार कोणाचंही असो. ऑर्व्हिलनं टोपी दोन्ही हातांत धरली.

"नाही, मॅम. पोचलं. तिसऱ्या दिवशी पोचलं."

"मग?"

ऑर्व्हिलनं तोंड उघडलं. वर्षभराचे सगळे मसुदे एकदम घशात आले, इतिहासापासून नाताळापर्यंत, आणि एकही बाहेर पडेना. मागे रांग वाढत होती. त्याचा हात आपोआप टोपीसकट डोक्याकडे निघाला.

"हात खाली ठेव!" बाई ओरडल्या. "इथं काही करू नकोस. तू आणखी एकदा टोपी उचललीस तर मला शेतसुद्धा विकावं लागेल. घरी जा आणि लिहून कळव. मला काय विचारायचंय ते मी विचारलेलं आहे."

त्या गेल्या. जाताना जुबिलीपाशी थांबल्या, तिच्या नाकाला तळहात लावला, आणि मागे न बघता आपल्या पिकअपमध्ये बसल्या.

कुरणाला तोवर कुलूप लागलं होतं. म्हणून ती रात्र जुबिलीनं घराच्या मागच्या अंगणात काढली. सकाळी नीव्हाचे टोमॅटो नव्हते, वाळत घातलेला एप्रन नव्हता, आणि नीव्हा दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"ऑर्व्हिल, मला एवढंच सांग. तू आपली घोडी विकायला गेलास, आणि तीच घोडी जास्त पैसे देऊन घेऊन आलास?"

"थोडक्यात सांगायचं तर, हो."

"मग लांबवून सांग. लांबवून सांगितलं तर काही वेगळं निघतं का ते बघू."

त्यानं लांबवून सांगितलं. शेवटी बाईंचं नाव आलं तेव्हा नीव्हा खुर्चीत बसली. हसेल असं त्याला वाटलं होतं, पण ती हसली नाही. तिनं साखरेचा डबा बाजूला केला, पत्र काढलं, त्याच्यासमोर ठेवलं. पेन ठेवलं. मग मागच्या दाराशी जाऊन जुबिलीला म्हणाली, "चल गं, तू आणि मी बाहेर थांबू. साहेबांना लिहायचंय."

ऑर्व्हिल बसला. लिहिलं, 'आदरणीय मिसेस क्वॉल्स, विलंबाबद्दल', आणि कागद चुरगळला. लिहिलं, 'आपल्या पत्राच्या संदर्भात', आणि तोही चुरगळला. खिडकीतून त्याला अंगण दिसत होतं. नीव्हा बादली घेऊन कुंपणाच्या कडेनं चालली होती आणि जुबिली तिच्या मागे मागे. कोपऱ्यावर नीव्हा वळली, ती वळली. त्याच्याशिवायही ती कोणाच्या तरी मागून चालू शकते, हे त्यानं आज पाहिलं. त्याला वाईट वाटलं. मग हायसंही वाटलं. किती वाईट आणि किती हायसं, हे लिहायला घेतलं असतं तर पुन्हा वर्ष गेलं असतं.

त्यानं लिहिलं: 'मिसेस क्वॉल्स, आपलं पत्र मिळालं. होय. ती जाड झाली आहे, ती माझी चूक. संध्याकाळी तिला कोणी पुढे चालणारं लागतं. किंमत तुमच्या पहिल्या बोलीएवढी. ऑर्व्हिल टीग.'

दारासमोरच्या पेटीत त्यानं ते टाकलं नाही. पोस्टमन न्यायला येईपर्यंत आपण ते चार वेळा बाहेर काढू, हे त्याला चांगलं माहीत होतं. सोमवारी तो गावातल्या पोस्टात चालत गेला. तिकीट लावलं. पत्र भिंतीतल्या फटीत अर्धं सरकवलं आणि थांबला. 'होय' नंतर 'मॅम' लिहायला हवं होतं का? 'माझी चूक' हे रडकं वाटेल का? बोट निघेना. मागे उभी असलेली पेंडीच्या दुकानवाल्याची बायको म्हणाली, "प्रोफेसर, ते आत जातंय की बाहेर येतंय?"

त्यानं दचकून हात सोडला. आत कुठंतरी टप्प असा आवाज झाला.

"ऐका," तो धावत खिडकीशी गेला, "आत्ता टाकलेलं एक पत्र परत मिळेल का? एकच शब्द घालायचाय."

"नाही, सर," खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला. "एकदा आत पडलं की ते सरकारचं."

महिनाभर ऑर्व्हिल टीगनं नियमांच्या आणि कार्यालयांच्या नावानं बोटं मोडली होती. पण हा नियम ज्या कोणी केला असेल, तो माणूस फार समजूतदार असला पाहिजे असं त्याला वाटलं. "थँक यू," तो म्हणाला, आणि नीव्हासाठी टोमॅटोची रोपं बघायला निघाला.